सकाळच्या बॅचचं वाक्य

उज्ज्वला मॅडमना पुस्तकातल्या वाक्यांची चीड होती. 'राजू इज अ गुड बॉय' असलं काही ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. कोण हा राजू, कुणी पाहिलाय त्याला, आणि तो गुणी असला काय नि उनाड असला काय, जेलरोडच्या बायकांना त्याचं काय देणंघेणं? इंग्रजी शिकायचं तर स्वतःच्या घरातल्या वाक्यानं शिकायचं, असा त्यांचा हट्ट होता. हा हट्ट चांगलाच होता. मॅडमची बाजू इथेच घेऊन ठेवलेली बरी, कारण पुढे ती फारशी घेता येणार नाही.

१९९८ साल होतं. नाशिकरोडला जेलरोडवर एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर त्यांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरायचा. खाली गिरणी सुरू झाली की वर फळा थरथरायचा आणि बाकांवर पिठाचा हात फिरायचा. सकाळची बॅच गृहिणींची. डबे भरून, नवऱ्यांना कामावर धाडून त्या यायच्या. संध्याकाळच्या बॅचला कॉलेजच्या मुली, दुकानं सांभाळणाऱ्या, आणि ज्यांना सकाळी जमत नाही अशा सगळ्या.

मॅडम शब्द एकेकटा कधीच शिकवत नसत. भावंडं एकत्र आणायची आणि मग त्यांच्यातला फरक दाखवायचा. सी, लुक आणि वॉच घ्या. "सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे मुद्दाम बघणं, आणि वॉच म्हणजे नजर न हलवता बघत राहणं," असं सांगून त्या खडू पुढे करायच्या. मग कुणीतरी उठून फळ्यावर लिहायचं की, दूध उतू जाताना मला दिसलं, सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, आणि आता त्या रोज दुधावर नजर ठेवून असतात. हिअर आणि लिसनच्या दिवशी मंगलाबाईंनी लिहिलं होतं की, माझ्या मालकांना सगळं हिअर होतं, पण ते लिसन करत नाहीत. मंगलाबाई पोळीभाजी केंद्र चालवायच्या आणि वर्गात सगळ्यात मोठ्यांदा हसायच्या. त्या दिवशी सगळा वर्ग त्यांच्याबरोबर हसला होता.

वाक्य खरं असलं पाहिजे, ही मॅडमची पहिली अट. खऱ्या वाक्यात माणसाचा जीव अडकलेला असतो, म्हणून ते विसरत नाही, असं त्या म्हणायच्या. आणि खरं लिहायचं म्हटलं की बायका घाबरणार, म्हणून दुसरी अटही त्यांनीच घातली होती. जिचं वाक्य तिनंच वर्ग सुटताना ते पुसायचं, आणि इथलं वाक्य या खोलीच्या बाहेर जाणार नाही. बायकांनी यावर विश्वास ठेवला. घरात ज्यांना दोन शब्द मनासारखे बोलता येत नव्हते, त्या इथे मोडक्यातोडक्या इंग्रजीत मन मोकळं करायला लागल्या.

पल्लवी त्यातलीच. पंचविशीची, कमी बोलणारी, पण अक्षर आणि अक्कल दोन्ही लखलखीत. सासर मूळचं देवळ्याचं, कांद्याचा व्यापार, आता नाशिकरोडला मोठं घर. नवरा महेश ओझरच्या कारखान्यात होता. मोठी जाऊ नोकरीच्या निमित्तानं पुण्याला गेली ती मोठ्या दिराला घेऊन तिकडेच राहिली, तेव्हापासून त्या घरात सुनेची नोकरी हा विषय बंद झाला होता. पल्लवीनं तरीही कुणाला न सांगता बँकेच्या लेखी परीक्षेचा अर्ज भरला होता आणि ती पास झाली होती. मुलाखत पुण्याला होती. वयाची अट त्याच वर्षी संपत होती, म्हणजे ही मुलाखत गेली की दुसरी नाही. नेमणुकीचं पत्र हातात पडलं की महेशला सांगू, मग तो आईला समजावेल, असा तिचा हिशोब होता. हे सगळं माहीत असलेली जगात एकच जागा होती, ती म्हणजे गिरणीवरची खोली.

त्या शनिवारी सकाळी मॅडमनी होप आणि विश घेतलं होतं. "दोन्हींचं मराठी तुम्ही 'इच्छा' असंच कराल आणि फसाल. जे अजून घडू शकतं त्याच्यासाठी होप. जे हातात नाही, नसल्याची चुटपुट आहे, त्याच्यासाठी विश. म्हणून विशच्या पुढे क्रियापद भूतकाळात जातं, बोलणं आजचं असलं तरी."

पल्लवी उठली आणि तिनं लिहिलं, 'आय होप आय विल गेट द बँक जॉब ऑन मंडे इन पुणे. आय विश आय कुड टेल माय मदर-इन-लॉ.' जरा थांबून तिनं खाली आणखी एक ओळ जोडली. 'आय हॅव टोल्ड हर, आय ॲम गोइंग टू माय आंट इन सिन्नर.'

मंगलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मॅडम मात्र खूश झाल्या. बावीस वर्षं शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकालाही सुचणार नाही असं ते वाक्य होतं. एकाच मनात होप आणि विश शेजारी शेजारी, आणि खाली टेलसुद्धा, कुणाला सांगितलं तो आपला माणूस नीट बरोबर घेऊन आलेलं. "वाक्य म्हणजे हे असं," त्या म्हणाल्या. वर्ग सुटल्यावर पल्लवीनं स्वतःच्या हातानं फळा पुसला, मॅडमना नमस्कार केला आणि ती घाईनं घरी गेली.

संध्याकाळच्या बॅचला तोच धडा होता. मुली जांभया देत होत्या. फरक कळत नव्हता, आणि मॅडमनी दिलेलं प्रत्येक उदाहरण फिकं पडत होतं. तेव्हा त्यांचा खडू आपोआप चालला. ऐन वेळी आठवलं म्हणून नव्हे, सकाळपासून ते वाक्य त्यांच्या जिभेवरच होतं. नाव तर लिहायचं नाहीच, मग काय बिघडलं, असं त्यांनी मनाशी म्हटलंसुद्धा. म्हणजे बिघडतंय हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं.

"आमच्या एका विद्यार्थिनीचं आहे," त्या म्हणाल्या. मुलींच्या माना वर झाल्या. वाक्य सगळ्यांना पटलं आणि फरकही कळला. दुसऱ्या बाकावर मोहिनी म्हणून एक नवी विवाहिता बसली होती, तिनं ते शेवटच्या ओळीपर्यंत दोनदा वाचलं आणि वहीत काहीच लिहिलं नाही. मॅडमना वाटलं, मुलगी हुशार दिसते, लिहून न घेताच समजलं हिला.

रविवारी सकाळी मॅडमच्या घरी, एकलहऱ्याच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये, फोन वाजला.

"मॅडम, मी मोहिनी. उद्या आमच्या माहेरी सत्यनारायण आहे, तुम्ही नक्की या. पल्लवीवहिनी तुमच्याच सकाळच्या बॅचला आहे ना, माझ्या भावाची बायको. तिच्याकडूनच तर तुमच्या वर्गाचं कळलं मला."

मॅडमना शनिवारचा फळा आठवला. "उद्या?" त्यांनी विचारलं.

"हो, अचानकच ठरवलं आईनं. दादा आणि वहिनीच पूजेला बसणार आहेत. आणि मॅडम, वहिनीला काही बोलू नका हं. तिला सकाळीच कळू दे. सरप्राइज आहे." मोहिनीचा आवाज गोड होता. त्यात राग नव्हता, विजय नव्हता, काहीच नव्हतं. सिन्नरच्या मावशीलाही बोलावलंय, एवढं तिनं जाता जाता सांगितलं आणि फोन ठेवला.

रंगनाथराव, म्हणजे मॅडमचे यजमान, रात्रपाळी करून औष्णिक वीजकेंद्रातून नुकतेच आले होते आणि चहात पाव बुडवत होते. मॅडमनी त्यांना सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, सांगताना थोडं इकडचं तिकडे झालं. फळ्यावर लिहिलं असं न सांगता 'उदाहरणात आलं' असं त्या म्हणाल्या.

"तू नाव घेतलंस का तिचं?"

"नाही."

"मग झालं तर. त्यांच्या घरातलं त्यांच्या घरात. तू कशाला मध्ये पडतेस?" एवढं बोलून रंगनाथराव झोपायला गेले. मॅडमना हवं होतं तेच उत्तर त्यांना मिळालं होतं, पण त्यानं बरं वाटेना. भाजी निवडताना देठ पातेल्यात आणि पानं कचऱ्यात गेली. पूजा संध्याकाळी असेल, योगायोगच असेल, सासूबाईंनी खरंच हौसेनं ठरवली असेल, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. शेवटी त्यांनी लुना काढली आणि त्या पल्लवीच्या घराकडे निघाल्या. रस्त्यात त्यांचं वाक्य तयार झालं होतं. 'पल्लवी, आजच्या आज सिन्नरला म्हणून नीघ आणि थेट पुणे गाठ. का ते नंतर सांगते.' एवढंच बोलायचं होतं.

पल्लवी फाटकाशीच होती, कठड्यावर सतरंज्या वाळत घालत होती. घरात सतरंज्या का धुतल्या जातायत, हे तिला माहीत नव्हतं आणि मॅडमना माहीत होतं.

"मॅडम, तुम्ही? देवच पावला. आत नको, इथेच ऐका ना माझं." तिनं मागे वळून बघितलं, कुणी नव्हतं. मग फाटकाला धरून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ उभी राहून, ती हळू आवाजात उत्तरं म्हणायला लागली. नाव काय, शिक्षण काय, लग्नानंतर इतक्या वर्षांनी नोकरी का हवी. शेवटच्या उत्तराला तिचा आवाज जरा कापला, पण इंग्रजी चुकलं नाही.

"रात्री झोप नाही लागली मॅडम. पहाटेच्या गाडीनं निघणार. एवढं मी नवऱ्याजवळपण बोलले नाही कधी, जेवढं तुमच्यासमोर बोलले. तुमच्यामुळे हिंमत झाली."

आता बोलायला हवं होतं. यापेक्षा सोपी वेळ येणार नव्हती. पण बोलायचं म्हणजे पहिल्यांदा 'का' आलं असतं, आणि 'का'चं उत्तर म्हणजे शनिवारची संध्याकाळ, तो खडू, ती खुशी. समोरच्या त्या डोळ्यांत आपली जी काही जागा होती ती मॅडमना सोडवेना. त्यांनी ओठ उघडले आणि म्हणाल्या, "इंटरव्ह्यू म्हणताना पहिला 'इं' दाबून म्हण. बाकी उत्तम. ऑल द बेस्ट."

पल्लवी हसली. मॅडमनी लुना वळवली. घरी येईपर्यंत त्या स्वतःला शिव्या देत होत्या, आणि परत फिरायला तेव्हाही उशीर झालेला नव्हता, हे त्यांना माहीत होतं. दुपारही गेली, संध्याकाळही गेली. फोनजवळून त्या अनेकदा गेल्या, फोन उचलला नाही.

सोमवारी न जाण्याचं कारण त्यांनी शोधून पाहिलं, पण न जाणं हे आणखी वाईट दिसलं असतं. त्या पोचल्या तेव्हा कथेचा शेवटचा अध्याय चालू होता. चौरंगाला केळीचे खांब बांधले होते, घर माणसांनी भरलं होतं, आणि महेशच्या शेजारी हिरव्या शालूत पल्लवी बसली होती. गुरुजी सांगतील तसं ती पाणी सोडत होती, अक्षता वाहत होती. तिच्या चेहऱ्यावर रडल्याची खूण नव्हती, आणि मॅडमना तेच बघवेना. पुण्यात या वेळी उमेदवारांच्या नावाचा पुकारा चालू झाला असेल. सिन्नरची मावशी पुढच्या रांगेत मोठ्या भक्तिभावानं हात जोडून बसली होती.

आरती झाल्यावर पल्लवी प्रसादाच्या वाट्या भरायला स्वयंपाकघरात गेली. मॅडम मागोमाग गेल्या. ओट्यावर शिऱ्याचं पातेलं होतं. दोघीच होत्या.

"पहाटे पिशवी घेऊन बाहेर आले, तर हॉलमध्ये सगळी तयारी," पल्लवी वाट्यांकडे बघत म्हणाली. "आई म्हणाल्या, सिन्नरला कशाला, मावशीच येतेय. मला काही बोलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. अंगावर शालू दिला." मग तिचा आवाज बारीक झाला. "मंगलाबाईंनी केलं हे. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. सकाळी त्यांना फोन करून नाही नाही ते बोलले मी. म्हटलं, तुमचं तोंड नाही बघणार परत. त्या रडत होत्या, शपथा घेत होत्या. मला एवढा संताप आला होता मॅडम."

मॅडमनी ओट्याला हात टेकला. एका बाईचं वाटोळं करून झालं होतं, आता दुसरी विनाकारण रडत होती. गप्प राहिलं असतं तर हेही पचलं असतं. मंगलाबाईंच्या नावावर सगळं जमा झालं असतं आणि कुणाला कधीच कळलं नसतं. ही सोय समोर दिसली आणि तिचीच त्यांना शिसारी आली.

"मंगलाबाईंनी नाही," त्या म्हणाल्या. "मी. तुझं वाक्य मी संध्याकाळच्या बॅचला फळ्यावर लिहिलं. मोहिनी तुझी नणंद आहे हे मला माहीत नव्हतं. पण लिहायला नको होतं. पुसलेलं वाक्य होतं ते."

पल्लवीच्या हातातला डाव थांबला. ती रागावली नाही. तिनं नुसतं मॅडमकडे बघितलं, अवघड उत्तर ऐकताना वर्गात बघायची तसं.

"चूक झाली तुमच्याकडून," ती सावकाश म्हणाली. बहुधा ती माफ करायच्याच बेतात होती. मग तिला काहीतरी सुचलं. "तुम्हाला कधी कळलं, की घरी कळलंय म्हणून?"

खोटं बोलता आलं असतं. 'आत्ताच' हा एक शब्द पुरला असता.

"काल सकाळी," मॅडम म्हणाल्या. "मोहिनीचा फोन आला होता."

"काल सकाळी." पल्लवीनं ते दोन शब्द परत म्हटले. "म्हणजे तुम्ही फाटकाशी आलात त्याच्या आधी."

"हो."

"मी तिथूनच निघाले असते मॅडम. सतरंज्या टाकून निघाले असते. आज पहाटे गाडी होती, काल दुपारी गाड्याच गाड्या होत्या." तिचा आवाज अजूनही खालीच होता. "आणि तुम्ही उभं राहून माझी उत्तरं ऐकलीत. चूक सांगितलीत. ऑल द बेस्ट म्हणालात."

माफ कर म्हणावं, तर कशाची माफी, शनिवारची की रविवारची, हेच मॅडमना मांडता येईना. आणि रविवारच्या माफीला तोंड कुठलं आणायचं?

"पल्लवी, मॅडमला बाहेर आण गं, ओटी भरायची हाय त्यांची," सासूबाईंची हाक आली.

सासूबाई, म्हणजे सावित्रीबाई, हॉलमध्ये पाट मांडून उभ्या होत्या. ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत बांगड्या कोपरापर्यंत. त्यांनी मॅडमना हाताला धरून पाटावर बसवलं. "तुमचे लय उपकार हाय मॅडम," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "मोहिनीनं सांगितलं मला. मोठीनं नोकरीपायी माझा पोरगा नेला पुण्याला, दोन दोन वर्षं तोंड दिसत नाय. ही बी गेली असती. तुम्ही होत्या म्हणून घर राहिलं." त्यांचे डोळे खरोखर भरले होते. "शिकवा तुम्ही तिला इंग्रजी, माझं कायबी म्हणणं नाय. फकस्त घरात राहू द्या."

मोहिनी ताट घेऊन आली. घरची सून म्हणून ओटी पल्लवीनंच भरायची होती. तिनं मॅडमना हळद लावली, कुंकू लावलं. बोट अजिबात हललं नाही. मॅडमनी पदर पसरला आणि पल्लवीनं त्यात खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. सगळं रीतीप्रमाणे, काही राहू न देता.

"मंगलाबाईंना मी आज संध्याकाळी जाऊन भेटेन," ती म्हणाली. "आणि उद्यापासून मी वर्गाला येणार नाही मॅडम."

"अगं, मी कुठं नको म्हटलं?" सावित्रीबाई चपापल्या. "जा की वर्गाला."

"तुम्ही नाही अडवलं, आई. मीच नाही म्हणतेय."

मग ती वाकली, कारण ओटी भरल्यावर मोठ्या बाईच्या पाया पडायचं असतं. मॅडमना तिला अडवायचं होतं, पण दोन्ही हातांत भरलेला पदर होता. पल्लवीनं त्यांच्या पायांना हात लावला, उठली, आणि पुढच्या पाहुणीसाठी पाट पुसायला लागली.